घरच्या घरी फळांचा आणि भाज्यांचा ताजा रस : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

घरी रस काढायचे ठरवले तेव्हा माझा सर्वाधिक वेळ यंत्राची निवड करण्यात गेला. फळे कशी निवडावीत, ती कोणत्या क्रमाने यंत्रात घालावीत, निघालेला रस किती वेळात संपवावा आणि यंत्र केव्हा धुवावे, यांचा विचार मी केलाच नव्हता. पहिल्या महिन्यात संत्र्याचा रस कडू झाला, सफरचंदाचा तपकिरी पडला, पालेभाज्या यंत्रातून जवळजवळ कोरड्याच बाहेर आल्या आणि गाळणीवर वाळलेला चोथा काढण्यात रोज अर्धा तास जाऊ लागला. यंत्रात कोणताही दोष नव्हता. रस चांगला होतो की नाही, हे बहुतांशी यंत्राच्या आधीच्या आणि यंत्राच्या नंतरच्या कामावर ठरते, हे त्या महिन्यात माझ्या लक्षात आले. जे नव्याने सुरुवात करत आहेत त्यांचा तो महिना वाया जाऊ नये, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीपूर्वी जवळ असावे असे साहित्य

- रस काढण्याचे साधन : ज्यूसर, हाताने फिरवायची लिंबूवर्गीय फळांची पिळणी, अथवा मिक्सर आणि मलमलचे स्वच्छ कापड
- धारदार सुरी आणि फळभाज्यांसाठी वेगळा ठेवलेला चिरण्याचा पाट
- भाज्या घासण्यासाठी कडक केसांचा छोटा ब्रश, आणि यंत्राच्या जाळीसाठी दुसरा, अधिक बारीक केसांचा
- स्टेनलेस स्टीलचे किंवा काचेचे भांडे. रस ठेवायचा असल्यास घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बाटल्या
- बारीक गाळणी
- स्वयंपाकाचा वजनकाटा (पहिले काही दिवस तरी)
- लिंबे, नेहमी एखादे जास्तच

तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट रस काढू नये आणि ठेवूही नये. आम्लामुळे धातू रसात उतरतो आणि तांब्याच्या संपर्काने क जीवनसत्त्वही झपाट्याने नष्ट होते.

१. रस म्हणजे काय आणि तो किती प्यावा, हे आधी समजून घ्या

रस काढणे म्हणजे फळातील किंवा भाजीतील पाणी, साखर, आम्ले, क्षार आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वेगळी काढून बहुतेक तंतुमय भाग चोथ्यात मागे ठेवणे. पोट भरल्याची जाणीव देणारा आणि साखर रक्तात हळूहळू उतरू देणारा भाग नेमका हाच असतो. एका बैठकीत तीन सफरचंदे सहसा कोणी खात नाही, पण तीन सफरचंदांचा रस दोन मिनिटांत सहज पिऊन होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत फळांच्या रसातील साखरेची गणना वरून घातलेल्या साखरेबरोबर ‘मुक्त साखर’ या गटात केली आहे. मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली राहिल्यास अधिक चांगले, असे ती तत्त्वे सांगतात. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटर ही मर्यादा सुचवते.

मी स्वतः १५० मिलिलिटरचा पेला समोर ठेवूनच फळे मोजू लागलो, आणि या एका सवयीने फळांची नासाडी, उरलेला रस साठवण्याचा प्रश्न आणि साखरेची काळजी या तिन्ही गोष्टी एकदमच आटोक्यात आल्या. रसाला फळाची जागा देऊ नये. तो फळे आणि भाज्या खाण्याच्या जोडीला घ्यावा. केवळ रसावर दिवसचे दिवस काढून शरीर ‘स्वच्छ’ करण्याच्या कल्पनेपासून दूर राहावे. नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतच असतात, आणि केवळ रसातून शरीराला पुरेशी प्रथिने किंवा स्निग्ध पदार्थ मिळत नाहीत.

२. कोणी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे

हा भाग वगळून पुढे जाऊ नये, कारण एका पेल्यात भाजीचे प्रमाण ताटातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाच्या जातीचे आंबट-कडू फळ, आतड्यातील एका विकराचे (एन्झाइमचे) काम रोखते. त्यामुळे सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलवरील काही औषधांचे आणि फेलोडिपिनसारख्या रक्तदाबावरील काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. हा परिणाम एका दिवसाहून अधिक काळ टिकू शकतो. त्यामुळे औषध सकाळी आणि रस संध्याकाळी घेतला, तरी अडचण सुटत नाही. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी हिरव्या पानांच्या रसाचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. पानांतील के जीवनसत्त्वामुळे त्या औषधाचा परिणाम कमी होतो. पालक आणि बीट यांत ऑक्झलेट भरपूर असते, त्यामुळे ज्यांना मूतखड्याचा त्रास झाला आहे त्यांनी या दोहोंचा रस रोजच्या सवयीचा करू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना पोटॅशियमचे, आणि मधुमेह असणाऱ्यांना साखरेचे बंधन असते. त्यांनी तर विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

लहान मुलांच्या बाबतीत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली दिलेला सल्ला स्पष्ट आहे : एक वर्ष पूर्ण होईपर्यंत फळांचा रस देऊ नये, आणि १ ते ३ वर्षे वयात दिवसाला सुमारे १२० मिलिलिटरहून अधिक देऊ नये. एक वर्षाखालील बाळाला कोणत्याही रूपात मध देऊ नये, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण रस गोड करण्यासाठी मध घालण्याची सवय अनेक घरांत असते.

३. साधन निवडा, पण घाईने खरेदी करू नका

वेगवान ज्यूसरमध्ये दातेरी चकती मिनिटाला काही हजार फेरे घेते आणि फळाचा कीस जाळीवर आपटून त्यातील रस बाहेर फेकला जातो. हे यंत्र झटपट काम करते, कडक फळे व कंदमुळे सहज घेते आणि भरणे सोपे असते. मात्र पानांतून रस कमी निघतो, फेस पुष्कळ होतो आणि रसात हवा मिसळल्याने त्याचा रंग लवकर बदलतो. मंद ज्यूसरमध्ये मळसूत्री दांडा मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेत फळ चिरडून पिळतो. त्यातून पानांचा रस चांगला निघतो, चोथा कोरडा पडतो आणि फेस कमी होतो. पण वेळ जास्त लागतो, तुकडे लहान करावे लागतात आणि चिवट देठ दांड्याभोवती गुंडाळले जातात.

वेगवान यंत्राच्या उष्णतेने रसातील सारे सत्त्व जळते, असे पुष्कळदा ऐकू येते. प्रत्यक्षात रस यंत्रात काही क्षणच असतो आणि तेवढ्यात तो फारसा तापत नाही. दोन्ही यंत्रांतील खरा फरक रसात किती हवा मिसळते आणि चोथ्यात किती रस वाया जातो, यात आहे. रस काढल्यावर लगेच पिणार असाल आणि भर गाजर, सफरचंद, बीट यांवर असेल, तर वेगवान यंत्र पुरेसे आहे. पाने अधिक असतील किंवा रस काही तास ठेवायचा असेल, तर मंद यंत्र घ्यावे.

संत्री, लिंबे आणि त्या वर्गातील इतर फळे यांसाठी साध्या पिळणीहून चांगले साधन नाही.

माझा आग्रह असा की पहिले दोन-तीन आठवडे काहीही विकत न घेता मिक्सर आणि मलमलच्या कापडावर काढावेत. ३०० ग्रॅम बारीक चिरलेल्या भाजीत साधारण १०० मिलिलिटर थंड पाणी घालावे, अर्धे मिनिट फिरवावे, कापडात ओतून पुरचुंडी बांधावी आणि दोन्ही हातांनी पिळावी. गाजरासारख्या कडक भाजीला आणखी अर्धे मिनिट लागते. पाण्यामुळे रस किंचित पातळ होतो एवढाच तोटा. रोज सकाळी हे काम आपल्याकडून खरोखर होते का, हे कळल्यावरच यंत्राचा विचार करावा. कापड प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवावे. ओलसर कापडात जंतू वाढतात.

यंत्र पाहायला जाल तेव्हा एकच गोष्ट नीट तपासा : त्याचे किती भाग सुटे होतात आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना ब्रश पोचतो का. ज्या यंत्राची जाळी धुता येत नाही, ते महिन्याभरात कपाटात जाते.

४. फळे आणि भाज्या निवडा

टणक, वजनाला जड आणि सालीवर ताण असलेली फळे घ्यावीत. आकार सारखाच असलेल्या दोन संत्र्यांपैकी जे जड, त्यात रस अधिक. मऊ पडलेले, लिबलिबीत किंवा बुरशी धरलेले फळ ‘रसात काय कळते’ म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना होतो, आणि नवख्यांची ही सर्वांत मोठी चूक होय. मार लागून काळा पडलेला भाग सढळपणे कापून टाकता येतो, परंतु बुरशी आलेले रसदार फळ संपूर्णच टाकून द्यावे. बुरशीचे तंतू आणि त्यांनी तयार केलेली विषे दिसणाऱ्या डागाच्या पलीकडेही पोचलेली असतात.

रस किती निघेल याचा अंदाज पाण्याच्या प्रमाणावरून येतो. काकडीत सुमारे ९५ टक्के, टोमॅटोत ९४, कलिंगडात ९१ ते ९२, गाजरात ८८ आणि सफरचंदात ८५ ते ८६ टक्के पाणी असते. हे सगळे पाणी हाती येत नाही. माझ्या यंत्रातून गाजराच्या आणि सफरचंदाच्या वजनाच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश रस निघतो. शिळ्या, सुरकुतलेल्या गाजरांतून तर याहूनही बराच कमी निघतो.

केळे, आंबा, पपई, ॲव्होकाडो या गरयुक्त फळांचा ज्यूसरमध्ये रस निघत नाही, नुसता लगदा होऊन जाळी बंद होते. ती मिक्सरमध्ये फिरवून गरासकट प्यावीत.

काकडी, दुधी आणि त्या कुळातील कोणत्याही भाजीचा एक पातळ काप आधी जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर ती भाजी रसात घालू नये. कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि त्यांचे प्रमाण वाढल्यास उलट्या, जुलाब आणि आतड्यांतून रक्तस्राव होण्यापर्यंत गंभीर परिणाम होतात. आले, लिंबू किंवा मध घालून तो कडूपणा झाकणे म्हणजे शरीराने दिलेली सूचना बुजवून टाकणे होय.

५. धुवा, आणि सोलण्याआधी धुवा

साल काढायचीच आहे, मग धुवायचे कशाला, असे वाटते. पण सुरी सालीवरील माती आणि जंतू आतल्या गरात घेऊन जाते. म्हणून संत्रे, कलिंगड, अननस हीसुद्धा आधी वाहत्या पाण्याखाली धुवावीत, आणि टणक सालीची फळे व कंदमुळे ब्रशने घासावीत. साबण किंवा भांडी घासायचे द्रावण वापरू नये. फळभाज्यांच्या पृष्ठभागाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि साबण त्यांत शिरून राहतो.

पालेभाजी मोठ्या भांड्यातील पाण्यात सुटी करून बुडवावी, हलवावी आणि हाताने वर उचलून घ्यावी. भांडे तिरपे करून पाणी ओतले, तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करावे आणि शेवटी पाने वाहत्या पाण्याखाली धरावीत. स्वतःचे हात २० सेकंद साबणाने धुऊनच कामाला लागावे.

ही काळजी अनाठायी नाही. १९९६ साली उत्तर अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूचा घातक प्रकार पसरला, अनेक जण आजारी पडले आणि एका बालकाचा मृत्यू झाला. रस तापवला जात नसल्याने फळावर जे असेल ते थेट पेल्यात येते. घरात गर्भवती स्त्री, वृद्ध व्यक्ती, लहान मूल किंवा आजारामुळे प्रतिकारशक्ती उणावलेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठीचा रस उकळी आणून, थंड करूनच द्यावा. चव आणि काही जीवनसत्त्वे कमी होतात, पण त्यांच्या बाबतीत हाच मार्ग योग्य आहे.

६. सोला, बिया काढा, चिरा

लिंबूवर्गीय फळे ज्यूसरमध्ये घालायची असतील, तर रंगीत साल पूर्ण काढावी. तिच्यातील तेलाने रस उग्र आणि कडवट होतो. आतला पांढरा पापुद्राही शक्य तेवढा काढावा. त्यात पौष्टिक द्रव्ये असतात म्हणून तो मुद्दाम ठेवावा असे सांगणारे पुष्कळ आहेत, परंतु कडू म्हणून न प्यायलेल्या रसातून काहीच मिळत नाही. काही जातींच्या संत्र्यांचा रस काढताक्षणी गोड लागतो आणि काही तासांनी कडू होतो. त्या फळांतील एक चवहीन द्रव्य रसाच्या आम्लात हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलते, म्हणून असे होते. माझ्या पहिल्या महिन्यातल्या कडू संत्र्यांचे कोडे यामुळेच उलगडले. तो रस मी सकाळी काढून संध्याकाळसाठी ठेवत असे.

सफरचंदाचा बियांचा गाभा काढून टाकावा. पीच, जर्दाळू, चेरी, आलुबुखार यांच्या कोयी तर काढाव्याच लागतात. या बिया व कोयी चिरडल्या गेल्या की त्यांतील अमिग्डालिन या द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होते. एखादी बी गेल्याने विषबाधा होत नाही, पण रोजच्या रसात त्या जाऊ देण्याचे कारणही नाही. डाळिंबाचे दाणे आणि बियांची द्राक्षे मिक्सरमध्ये घातल्यास मिक्सर दोन-तीन वेळा क्षणभरच फिरवून थांबवावा, कारण बिया भरडल्या गेल्या की रस तुरट होतो.

गाजराची साल काढण्याची गरज नाही, टोके मात्र कापावीत. बीटची साल काढल्यास मातकट वास कमी होतो. सेलरी आणि आले यांचे धागे लांब असतात, म्हणून ती आडवी, दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांत चिरावीत. मंद ज्यूसर अडकून बसण्याचे कारण निम्म्याहून अधिक वेळा हे लांब धागेच असतात. रुबार्ब वापरत असाल, तर फक्त देठ घ्यावेत. त्याची पाने विषारी असतात. हिरवट पडलेला बटाटा रसात घालू नये.

चिरण्याचे काम रस काढण्याच्या अगदी आधी करावे. रात्री चिरून ठेवलेल्या फळांचा वेळ वाचतो खरा, पण चव आणि क जीवनसत्त्व रात्रीतच उतरू लागते.

७. क्रम ठरवून रस काढा

यंत्र ओट्यावर घट्ट बसले आहे आणि झाकण अडकले आहे, याची खात्री करून मगच ते सुरू करावे. वेगवान ज्यूसरला पूर्ण वेग येऊ द्यावा आणि नंतरच पहिला तुकडा टाकावा. तुकडे दट्ट्यानेच, सावकाश ढकलावेत. बोट, चमचा किंवा सुरी कोणत्याही परिस्थितीत नळीत घालू नये. जोर लावून भराभर ढकलल्यास चोथा ओला बाहेर पडतो आणि रस कमी मिळतो. यंत्राच्या पुस्तिकेत सलग किती मिनिटे चालवायचे ते दिलेले असते. तेवढ्या वेळानंतर यंत्राला विश्रांती द्यावी.

आता क्रमाविषयी. पाने एकटी घातली तर चकतीवरून उडून थेट चोथ्यात जातात. त्यांची घट्ट गुंडाळी करावी आणि सफरचंदाच्या किंवा काकडीच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून घालावी. आले आणि पुदिन्यासारखे थोड्या प्रमाणातील, तीव्र चवीचे जिन्नस सुरुवातीला किंवा मध्ये घालावेत, म्हणजे मागून येणारा भरपूर रस त्यांना जाळीतून धुऊन खाली आणतो. मऊ फळ आणि कडक कंद आलटून पालटून घालावेत. मऊ फळाने जाळी भरते आणि कडक कंद ती मोकळी करतो. शेवटचा तुकडा नेहमी गाजर, सफरचंद किंवा काकडीचा असावा.

सफरचंद असेल तेव्हा रस ज्या भांड्यात पडणार आहे त्यात अर्ध्या लिंबाचा रस आधीच पिळून ठेवावा. फळ कापले की त्यातील विकराचा हवेशी संबंध येतो आणि रस तपकिरी पडतो. लिंबाचे आम्ल आणि क जीवनसत्त्व ही क्रिया मंद करतात. लिंबू शेवटी घातले तर तोवर रंग बदललेला असतो. फळे आणि भाज्या आधी तासभर शीतकपाटात ठेवल्यास रस थंड निघतो आणि बर्फ घालून तो पातळ करावा लागत नाही.

वर आलेला फेस म्हणजे रसात मिसळलेली हवा आणि बारीक गर. तो चमच्याने काढावा किंवा रस गाळावा. काही मिनिटांत रसाचे थर वेगळे होतात. त्यात बिघडल्याचे लक्षण काही नाही, ढवळून प्यावा.

८. पहिली तीन मिश्रणे

भाजी अधिक आणि फळ कमी, हे प्रमाण पहिल्यापासून ठेवले की जीभ त्याला सरावते. पुढील प्रत्येक मिश्रणातून साधारण दीड ते दोन लहान पेले रस निघतो, म्हणून ते दोघांसाठी धरावे.

पहिले : गाजर २०० ग्रॅम, मध्यम सफरचंद १, आल्याचा १ सेंटिमीटर तुकडा, लिंबू अर्धे. हे सहसा कोणाला नावडत नाही आणि यंत्र शिकायलाही सर्वांत सोपे आहे.

दुसरे : काकडी १ (सुमारे ३०० ग्रॅम), सफरचंद १ लहान, पालक मूठभर, पुदिन्याची १० पाने, लिंबू अर्धे. काकडी चाखून पाहायला विसरू नये.

तिसरे : बीट अर्धे, गाजर २००  ग्रॅम, सोललेले संत्रे १. बीट अर्ध्याहून अधिक घातल्यास मातकट चव सगळ्यावर मात करते. बीटचा रस घेतल्यावर काही जणांच्या लघवीला लालसर छटा येते. ती बीटच्या रंगाची असते आणि एक-दोन दिवसांत जाते, हे आधीच माहीत असावे म्हणजे घाबरायला होत नाही.

गाजरातील बीटा कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते केशरी द्रव्य) शरीरात शोषले जाण्यासाठी थोडी स्निग्धता लागते, म्हणून गाजराचा रस जेवणाबरोबर किंवा मूठभर सुक्या मेव्याबरोबर घ्यावा. साखर घालू नये. रस आंबट लागला तर पुढच्या वेळी लिंबू कमी करावे.

९. लगेच प्या, ठेवायचाच असेल तर नियम पाळून ठेवा

काढल्यापासून १५-२० मिनिटांत प्यायलेल्या रसाला तोड नाही. ते शक्य नसेल तर बाटली काठोकाठ भरावी, म्हणजे वर हवा राहत नाही, झाकण घट्ट लावावे आणि ती तत्काळ ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखालील तापमानाला ठेवावी. वेगवान यंत्राचा रस मी २४ तासांच्या आत आणि मंद यंत्राचा ४८ तासांच्या आत संपवतो. त्यापुढे वास चांगला येत असला तरी टाकून देतो. खोलीच्या तापमानात दोन तास राहिलेला रस पिऊ नये, आणि उन्हाळा कडक असेल तेव्हा ही मर्यादा एका तासावर आणावी.

गाजर, बीट, काकडी यांच्या निव्वळ रसाबद्दल मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. संत्रे, लिंबू, अननस यांच्या रसात भरपूर आम्ल असते आणि ते अनेक जिवाणूंना वाढू देत नाही. गाजराचा रस मात्र जवळजवळ उदासीन असतो. मातीतील बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू अशा कमी आम्लाच्या, हवाबंद आणि उबदार रसात वाढून अतिशय तीव्र विष तयार करू शकतात. २००६ साली अमेरिकेत आणि कॅनडात बाटलीबंद गाजररसातून नेमकी अशीच विषबाधा झाली होती. तो रस पुरेसा थंड ठेवला गेला नसावा, असा निष्कर्ष निघाला. म्हणून भाज्यांच्या रसात लिंबू पिळावे, तो त्याच दिवशी संपवावा आणि प्रवासात बाटलीत भरून तासन्‌तास बरोबर नेऊ नये. बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्यामुळे घरी रस उकळून, बाटलीत हवाबंद करून कपाटात साठवण्याचा प्रयोग करू नये.

अधिक दिवस ठेवायचा असेल तर गोठवणे हा एकच मार्ग मी सुचवीन. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, म्हणून येथे मात्र भांडे काठोकाठ न भरता वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडावी. बर्फाच्या साच्यात गोठवलेल्या वड्या सर्वांत सोयीच्या पडतात. त्या शीतकपाटातच वितळू द्याव्यात.

आंबट रस घोट घोट करत तासभर पिऊ नये. त्याने दातांवरचे आवरण मऊ पडते. एका बैठकीत संपवावा, पाण्याने चूळ भरावी आणि दात घासायचे असल्यास किमान अर्धा तास थांबावे.

१०. पेला हातात घेण्यापूर्वी जाळी पाण्यात टाका

यंत्र बंद करा, वायर काढा, भाग सुटे करा आणि जाळी पाण्यात बुडवा. एवढे केल्यावरच रस प्यायला बसावे. ओला चोथा पाण्याच्या धारेने आणि ब्रशने दोन मिनिटांत निघतो, तर वाळलेला चोथा छिद्रांत घट्ट बसतो. जाळी आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी घासावी आणि उजेडाकडे धरून पाहावी. बंद राहिलेली छिद्रे लगेच दिसतात. गाजराचा केशरी डाग साबणाने जात नाही, कारण तो रंग तेलात विरघळणारा असतो. त्या भागावर थोडे खाद्यतेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे. जाळीवर पांढरट थर साचू लागला, तर लिंबाच्या सत्त्वाच्या कोमट द्रावणात अर्धा तास भिजवून ठेवावी. मोटरचा भाग पाण्याखाली धरू नये, ओल्या फडक्याने पुसावा. सगळे भाग पूर्ण वाळल्यावरच यंत्र जोडावे. ओलसर जोडलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, आणि तो पहिल्या पेल्यातही उतरतो.

चोथ्यात बिया, कोयी किंवा कडू साल गेलेली नसेल, तर गाजर-सफरचंदाचा चोथा सूपमध्ये, कणकेत किंवा केकच्या मिश्रणात घालता येतो. तो त्याच दिवशी वापरावा किंवा गोठवावा, कारण ओला चोथा रसाइतकाच लवकर आंबतो. उरलेला चोथा झाडांच्या खतासाठी चालतो. कुंडीत थेट न घालता आधी कोरड्या पाल्यात मिसळून कुजू द्यावा, नाहीतर चिलटे जमतात.